बार्शीचं देणं आणि मिझोराम

मा. संपादक,
सप्रेम नमस्कार.

२०२५ च्या २२ सप्टेंबरच्या रात्री सीना नदीचं पाणी आमच्या गावात शिरलं. परंडा तालुक्यातल्या कितीतरी गावांची तीच गत झाली, काही ठिकाणी माणसं हेलिकॉप्टरने काढावी लागली. आम्ही सत्तरेक जण तीन रात्री जिल्हा परिषदेच्या शाळेत होतो. ज्या खोलीत मी अकरा वर्षं चौथीचा वर्ग घेतला, त्याच खोलीत फळ्याखाली सतरंजी टाकून झोपले. दुसऱ्या दिवशी दुपारी एक टेम्पो आला आणि गावाबाहेरच्या चिखलात रुतला. त्यातली पोरं खाली उतरली, पोती डोक्यावर घेतली आणि गुडघाभर पाण्यातून शाळेपर्यंत चालत आली. ज्वारीच्या भाकरी, शेंगदाण्याची चटणी, कांदे, पाण्याचे बॉक्स, कोरडी ज्वारी दोन पोती. बायकांना लागणाऱ्या वस्तू वेगळ्या पिशवीत होत्या. त्या कुणी मागितल्या नव्हत्या, कुणीतरी आठवणीने भरल्या होत्या. कुठले रे बाबांनो, असं विचारलं तर म्हणाले, "बार्शीचे."

तो शब्द ऐकला आणि मला माझी आज्जी आठवली. हे पत्र मी त्यासाठीच लिहिते आहे. पत्र लांबणार आहे, जमेल तेवढं छापावं.

१९४८ चा आषाढ. देश स्वतंत्र होऊन वर्ष होत आलं होतं, पण आज्जीचं गाव स्वतंत्र नव्हतं. ते निजामाच्या उस्मानाबाद जिल्ह्यात. बार्शी मुंबई प्रांतात. मध्ये करोडगिरीचा, म्हणजे जकातीचा, नाका. इकडच्या मुलखाला आज्जी मरेपर्यंत ‘मोगलाई’ म्हणायची आणि तिकडच्याला ‘इंग्रजी’. इंग्रज गेले तरी तिच्या तोंडातून तो शब्द गेला नाही. रझाकारांचा म्होरक्या कासिम रझवी मूळ लातुरात वकिली करणारा, त्यामुळे रझाकारांची दहशत आमच्या भागाला परकी नव्हती. शेजारच्या गावात कडब्याच्या गंजी पेटल्या त्या रात्री आजोबांनी घर सोडायचं ठरवलं. आज्जीने तांब्याच्या हंड्यात मावेल तेवढी ज्वारी भरली. माझे वडील तेव्हा चार वर्षांचे, ते आजोबांच्या खांद्यावर. नाका चुकवायचा म्हणून ओढ्याओढ्याने, अंधारात, पावसात. पहाटे हद्द ओलांडली.

बार्शीत पहिल्यांदा भेटला तो एक पोलीस. हेर येत असत, त्यामुळे येणाऱ्याची चौकशी व्हायची. त्याने आज्जीचा हंडा रस्त्याच्या कडेला फडक्यावर उपडा करून पाहिला, आत काही लपवलंय का म्हणून. काही नव्हतं. मग त्याने खाली बसून दोन्ही हातांनी ती ज्वारी परत हंड्यात भरली. आज्जी ही गोष्ट सांगताना नेहमी हातांची ओंजळ करून दाखवायची.

एका व्यापाऱ्याच्या वखारीत सात घरं अडीच महिने राहिली. दिवसा बायका शेंगा फोडायला जायच्या, पुरुष मिळेल ती हमाली करायचे. व्यापाऱ्याच्या घरून रोज संध्याकाळी एक पातेलं येई, कधी आमटी, कधी नुसतं ताक. आज्जीचं एक वाक्य माझ्या कानात तसंच आहे: "एकदाबी न्हाई इचारलं त्यांनी, कवा जाताव म्हणून." १३ सप्टेंबरला भारतीय फौजांची पोलीस ॲक्शन सुरू झाली, १७ तारखेला निजाम शरण आला, आणि आठवड्याभरात ही मंडळी तोच हंडा घेऊन परत आली.

मुंबई प्रांतात तेव्हा बाळासाहेब खेरांचं सरकार होतं. दिल्ली निजामाशी वाटाघाटी करत होती, जैसे थे करार झालेला होता. अशा वेळी हैद्राबाद संस्थानातून पळून आलेली हजारो माणसं हद्दीवरच्या गावांनी आणि त्या प्रांताने सांभाळली. मुक्तिसंग्रामाचे कॅम्प हद्दीला लागून चालू राहिले. आपण दर १७ सप्टेंबरला ध्वजारोहण करतो, भाषणं होतात, त्यांत लढणाऱ्यांची नावं घेतली जातात आणि ती घेतलीच पाहिजेत. पण ज्यांनी दार उघडलं त्या बार्शीचं नाव मी आमच्या तालुक्यातल्या एकाही भाषणात ऐकलेलं नाही.

आता मिझोराम.

गेल्या वर्षी माझे यजमान हृदयाच्या दुखण्याने पुण्यात एका रुग्णालयात दहा-बारा दिवस होते. रात्रपाळीला एक सिस्टर असायची, पंचविशीतली, मिझोरामच्या चंफाई जिल्ह्यातली. मोडकंतोडकं हिंदी तिचं, तसंच माझं. रात्री दोन वाजता सलाईन बदलून झाली की ती पाच मिनिटं माझ्याशेजारी बाकावर टेकायची. एकदा तिने फोनमधले फोटो दाखवले. डोंगरावरचं लाकडी घर, अंगणात ताडपत्रीची दुसरी खोली, आणि पायरीवर ओळीने बसलेली लेकरं. मी विचारलं, ही सगळी तुमच्या घरची? ती म्हणाली, तीन आमची, बाकीची नदीपलीकडची. बर्मातली.

१ फेब्रुवारी २०२१ ला म्यानमारच्या, म्हणजे बर्माच्या, लष्कराने निवडून आलेलं सरकार उलथवलं. तिथल्या नेत्या आंग सान सू ची यांना कैद झाली, लोक रस्त्यावर आले, लष्कराने गोळ्या घातल्या, आणि काही महिन्यांत तिथे उघड युद्ध सुरू झालं. मिझोरामला लागून म्यानमारचा चिन प्रांत आहे. त्या प्रांतातल्या थांतलांग नावाच्या गावातली कितीतरी घरं २०२१ च्या सप्टेंबर-ऑक्टोबरात तोफांच्या माऱ्यात आणि आगीत जळाली. जवळपास १०,००० वस्तीचं गाव रिकामं झालं. माणसं डोंगर उतरून, तिआउ नदी ओलांडून मिझोरामात आली. त्यांच्यात शेतकरी होते, मास्तर होते, लष्कराचा हुकूम नाकारून आलेले पोलीस होते. चिन प्रांताचे मुख्यमंत्रीसुद्धा २०२१ च्या जूनमध्ये असेच आश्रयाला आले.

त्याआधीच, १० मार्च २०२१ ला, केंद्रीय गृहखात्याचं पत्र मिझोराम, मणिपूर, नागालँड आणि अरुणाचल या चार राज्यांना आलं होतं. येणाऱ्यांना थोपवा, कुणालाही निर्वासित म्हणून मान्यता देण्याचा अधिकार राज्यांना नाही, असा त्याचा मथितार्थ. कायद्याने ते खरंही होतं. १९५१ च्या निर्वासितविषयक आंतरराष्ट्रीय करारावर भारताची सही नाही, आणि आपल्याकडे निर्वासितांसाठी वेगळा कायदाही नाही. मणिपूर सरकारने तर २६ मार्चला जिल्हाधिकाऱ्यांना लेखी कळवलं, की छावण्या उघडू नका, अन्न-निवाऱ्याची सोय करू नका. ओरड झाली तेव्हा तीन दिवसांत ते पत्र मागे घेतलं.

मिझोरामचे तेव्हाचे मुख्यमंत्री झोरामथंगा यांनी १८ मार्चला थेट पंतप्रधानांना पत्र लिहिलं. ही माणसं आमच्याच रक्ताची आहेत, त्यांच्या हालांकडे पाठ फिरवणं आम्हाला जमणार नाही, असं त्यांनी कळवलं. आणि राज्याने दार उघडं ठेवलं. मी शिक्षिका, म्हणून मला सगळ्यांत मोठी वाटली ती पुढची गोष्ट. त्याच वर्षी तिथल्या शिक्षण विभागाने कळवलं, की म्यानमारहून आलेल्या ६ ते १४ वयाच्या मुलांना शाळेत दाखल करून घ्या, शिक्षण हक्क कायदा त्यांनाही लागू धरा. म्हणजे तिथल्या एखाद्या मास्तरांनी हजेरीपटावर एक नाव लिहिलं आणि पत्त्याच्या रकान्यात पलीकडच्या देशातलं गाव लिहिलं. हजेरीपट मी सदतीस वर्षं लिहिला आहे. ऊसतोड कामगारांची लेकरं ऑक्टोबरात निघून जायची आणि मार्च-एप्रिलमध्ये परत यायची, त्यांची नावं कमी करू नका म्हणून मी केंद्रप्रमुखांशी भांडलेली आहे. आपल्याच तालुक्यातल्या लेकराचं नाव पटावर टिकवायला किती जीव आटवावा लागतो ते मला माहीत आहे. म्हणून परदेशी लेकरासाठी काढलेल्या त्या आदेशाची किंमत मला कळते.

मिझोराम म्हणजे केवढं राज्य? २०११ च्या जनगणनेत त्याची लोकसंख्या १०,९७,२०६. आमच्या धाराशिव जिल्ह्याची १६,५७,५७६. अख्खं राज्य आमच्या एका जिल्ह्याहून लहान. तिथे २०२५ मध्ये म्यानमारमधून आलेले ३०,००० हून अधिक लोक होते. धाराशिव जिल्ह्याने त्याच प्रमाणात माणसं सांभाळायची ठरवली तर ती ४५,००० होतील, आणि महाराष्ट्राने ठरवलं तर ३० लाख. शिवाय २०२२ च्या अखेरीपासून बांगलादेशच्या डोंगराळ भागातून बॉम जमातीची माणसं तिथे आली. ३ मे २०२३ ला मणिपूर पेटलं तेव्हा तिथलेही १२,००० हून जास्त लोक मिझोरामातच गेले. त्या वर्षी नोव्हेंबरात हद्दीपलीकडे लढाई भडकली आणि दोन-चार दिवसांत ५,००० च्या आसपास माणसं झोखावथर या एका गावात उतरली. हरलेले म्यानमारचे सैनिकही हद्द ओलांडून मिझोराम पोलिसांना शरण आले. त्यांनाही जेवण-औषध मिळालं आणि मग त्यांना परत पाठवण्यात आलं. ज्यांनी गावं जाळली त्यांच्याही पुढ्यात ताट आलं, हे वाचून मी पेपर खाली ठेवला होता.

डिसेंबर २०२३ मध्ये तिथे सरकार बदललं. झोरामथंगांचा पक्ष हरला, लालदुहोमा मुख्यमंत्री झाले. इकडे सरकार बदललं की आधीच्याच्या योजनेचं नावसुद्धा पुसलं जातं. तिथे निर्वासितांबद्दलचं धोरण पुसलं गेलं नाही.

हे सगळं सरकारने एकट्याने केलं असंही नाही. त्या सिस्टरने सांगितलं की पहिल्या दिवशी आले ते गावकरी आणि वाय.एम.ए.ची पोरं. यंग मिझो असोसिएशन ही १९३५ पासूनची संघटना, गावोगाव शाखा. बांबू तोडून आणायचे, ताडपत्री ताणायची, आजाऱ्याला पाठीवर घेऊन दवाखाना गाठायचा, हे त्यांचं काम. मिझो भाषेत एक शब्द आहे, ‘त्लॉमङाइह्ना’. स्वतःआधी दुसऱ्याचं बघायचं आणि त्याची वाच्यता करायची नाही, असा त्याचा अर्थ तिने सांगितला. आणि भात कुठून आला? तिथल्या चर्चमधल्या बायकांची शंभर वर्षांहून जुनी रीत आहे, ‘बुहफाई थाम’. प्रत्येक वेळी भात शिजवायला घेताना एक मूठ तांदूळ बाजूला काढायचा. मी तिला म्हटलं, बाई, हे तर आमचंच. कर्मवीर भाऊराव पाटलांनी साताऱ्याकडे मुष्टिफंड काढला तो असाच, जात्यावर बसलेली बाई दळणातली एक मूठ वसतिगृहातल्या पोरांसाठी काढायची. ती हसली. दोघींनी मग रात्रीच्या त्या बाकावर आपापली मूठ करून बघितली.

तिच्या आईबद्दल तिने सांगितलेलं मात्र मी विसरू शकत नाही. १९६६ च्या मार्चमध्ये मिझो बंडाच्या वेळी भारतीय हवाई दलाने आयझॉलवर बॉम्ब टाकले होते. त्यानंतरच्या वर्षांत अनेक मिझो कुटुंबं पळून बर्मात गेली. तिची आज्जी त्यांतली एक. दोन हिवाळे एका चिन शेतकऱ्याच्या घरी राहिली. २०२१ मध्ये शेजाऱ्यांनी विचारलं, एवढी माणसं कशी पोसणार? तेव्हा तिची आई म्हणाली, आपण त्यांच्या घरचा भात खाल्लेला आहे. मी सदतीस वर्षं मुलांना शिकवलं, पण आपल्याच विमानांनी आपल्याच गावावर बॉम्ब टाकले होते हे मला त्या बाकावर पहिल्यांदा कळलं. झोरामथंगा स्वतः त्या बंडात होते, वीस वर्षं जंगलात आणि परमुलखात काढून १९८६ च्या करारानंतर परतलेले. परक्या दारात उभं राहणं म्हणजे काय, हे त्या माणसाला कुणी सांगावं लागलं नसेल.

मी हे गावात सांगते तेव्हा लोक काही शंका काढतात. त्या खोट्या नाहीत, म्हणून त्यांना उत्तर दिलं पाहिजे.

पहिली शंका ही, की ते एकमेकांचे भाऊबंद आहेत, त्यात काय मोठेपणा? भाऊबंद आहेत हे खरं. चिन आणि मिझो एकाच कुळातले, भाषा जुळतात, सोयरिकी होतात. सिस्टर म्हणाली, मिझो लोकांच्या जुन्या श्रद्धेत मेलेल्याचा आत्मा ज्या तळ्यावरून जातो ते रिह दिल आज हद्दीपलीकडे म्यानमारमध्ये आहे. मला लगेच तुळजापूर आठवलं. अर्ध्या महाराष्ट्राची कुलस्वामिनी, आणि १९४८ पर्यंत ती निजामाच्या हद्दीत होती. बार्शी-सोलापूरची माणसं नाका ओलांडून नवस फेडायला यायची. आज्जीची मावशी बार्शीतच दिलेली होती. हद्द राजांनी आखली, सोयरिकी आधीच्या. तेव्हा बार्शीने जे केलं ते भाऊबंदांसाठीच केलं होतं, आणि तरीही ते मोठं होतं. भाऊबंदांसाठी दार लावून घेणारे आपण रोज बघतो, बांधाच्या वितभर जमिनीवरून.

दुसरी शंका सुरक्षेची. झोखावथरच्या वाटेने अंमली पदार्थ येतात, ही बातमी खरी आहे. मिझोरामचं सरकार स्वतः त्याबद्दल बोलतं. गावकऱ्यांनी निर्वासितांसाठी नियम केले आहेत, काही ठिकाणी तक्रारी, कुरबुरीही आहेत. इतकी वर्षं दुसऱ्याला घरात ठेवल्यावर कुरबूर होणारच. २०२५ मध्ये राज्याने आलेल्यांची बोटांचे ठसे घेऊन नोंदणी सुरू केली. ती करावी. गुन्हेगार पकडावा. बार्शीच्या त्या पोलिसानेही हंडा उपडा केला होता. त्याने तो तसाच लाथाडून दिला असता, तर मी आज वेगळं पत्र लिहिलं असतं.

तिसरी शंका सगळ्यांत जवळची, आणि ती विचारणाऱ्या बाईची सोयाबीन माझ्यासमोर सडली आहे. आपल्याच डोक्यावर छप्पर राहिलं नाही, खरवडून गेलेल्या जमिनीत माती कुठून आणायची ते कळत नाही, आणि बाई तुम्ही कुठल्या मिझोरामचं घेऊन बसलात?

याला उत्तर म्हणून मी तिला एक तिकीट दाखवलं. वडिलांच्या ट्रंकेत जुन्या लिफाफ्यावर चिकटलेलं, पाच पैशांचं. १९७१ मध्ये पूर्व पाकिस्तानातून सुमारे एक कोटी माणसं भारतात आली. ती सांभाळायला सरकारने १५ नोव्हेंबर १९७१ पासून टपालावर पाच पैशांचं जादा ‘निर्वासित सहाय्य’ तिकीट लावलं. मी दहा वर्षांची होते, जिभेने ओलं करून ते तिकीट चिकटवायचं काम माझ्याकडे असे. युद्ध डिसेंबरात संपलं, निर्वासित परत गेले, पण झालेल्या खर्चाचा बोजा उरला होता, म्हणून ते तिकीट ३१ मार्च १९७३ पर्यंत चाललं. आता आपल्या माणसांनी तारखा नीट बघाव्यात. १९७२ चा दुष्काळ! मराठवाड्यात प्यायला पाणी नाही, माझी आई दुष्काळी कामावर खडी फोडते, घरात खायला सुकडी आणि परदेशातून आलेली लाल मिलो ज्वारी, आणि मामाला पाठवलेल्या लिफाफ्यावर बंगालच्या निर्वासितांसाठी पाच पैसे. आईने ते तिकीट लावताना कधी कुरकुर केल्याचं मला आठवत नाही. जी मिलो आम्ही खाल्ली तीही कुणीतरी समुद्रापलीकडून पाठवलेली होती.

आणखी एक गोष्ट, जी आमच्या घरात दबक्या आवाजात बोलली जाई. आज्जी बार्शीहून परतली तेव्हा गावातल्या मुलाण्याच्या घराला कुलूप होतं. त्यांचा रझाकारांशी काही संबंध नव्हता, असं आज्जी ठामपणे सांगायची. आज्जीच्या बाळंतपणात त्या घरची बाई रात्रभर बसलेली. पोलीस ॲक्शननंतरच्या सूडाच्या दिवसांत ते कुटुंब रातोरात गेलं आणि परत आलं नाही. त्या दिवसांची चौकशी करायला दिल्लीने पंडित सुंदरलाल यांची समिती पाठवली होती. तिने सर्वांत जास्त होरपळलेले म्हणून जे चार जिल्हे सांगितले त्यांत उस्मानाबाद आणि नांदेड आहेत. आज्जी म्हणायची, आम्हाला बार्शी होती, त्येन्ला कोन होतं? ते कुलूप गंजून पडेपर्यंत तिने त्या अंगणात शेणसडा टाकला. म्हणून मिझोरामचं कौतुक मी नुसत्या अभिमानाने करत नाही. आपल्याला जमलं नव्हतं ते त्यांनी केलं, हेही माझ्या मनात आहे.

माझी मागणी साधी आहे. महाराष्ट्र सरकारने मिझोराम सरकारला मदत पाठवावी. तांदूळ, औषधं, ताडपत्र्या, शाळेच्या मुलांचं साहित्य, आणि मुख्यमंत्री सहायता निधीतून रोख रक्कम. ही एका राज्याने दुसऱ्या राज्याला केलेली मदत आहे, त्यात परराष्ट्र धोरणाचा अडसर यायचं कारण नाही. २०२२ मध्ये श्रीलंकेत अन्नान्न दशा झाली तेव्हा तमिळनाडूच्या विधानसभेने २९ एप्रिलला ठराव केला, केंद्राची परवानगी मागितली आणि मे महिन्यात तांदूळ, दूधभुकटी, औषधांनी भरलेलं जहाज दुसऱ्या देशात रवाना केलं. आपल्याला तर देशाची हद्दही ओलांडायची नाही. हा ठराव आपल्या विधानसभेत मराठवाड्याच्या आमदारांनी मांडावा, पक्ष कोणताही असो. आमच्याकडचा कोणीही आमदार, खासदार आपल्या घरातल्या सगळ्यांत म्हाताऱ्या माणसाला विचारील तर रझाकारीत कोण कुठे राहिलं होतं ते त्याला कळेल. आणि खासदारांनी दिल्लीत विचारावं, की देशात निर्वासितांसाठी कायदा का नाही. १९४६ चा परकीय नागरिकांचा कायदा गेला, २०२५ चा नवा आला, पण जीव वाचवायला हद्द ओलांडणारी आई आणि चोरून घुसणारा तस्कर यांत फरक करणारं वेगळं कलम त्यातही नाही. सर्वोच्च न्यायालयाने १९९६ मध्ये चकमा निर्वासितांच्या प्रकरणात सांगितलं आहे, की जगण्याचा हक्क देणारं कलम २१ या भूमीवरच्या प्रत्येक माणसाला लागू आहे, तो नागरिक असो वा नसो. ते न्यायालयात सिद्ध करत बसायची वेळ पळून आलेल्या माणसावर येऊ नये.

मी मुख्यमंत्र्यांना, आमच्या आमदारांना आणि खासदारांना हीच मागणी स्पीड पोस्टाने पाठवली आहे. पोचपावत्या जपून ठेवल्या आहेत. आपल्या वाचकांपैकी ज्यांच्या घरी बार्शी, उमरखेड किंवा हद्दीपलीकडच्या कुठल्याही गावात काढलेल्या दिवसांच्या आठवणी असतील त्यांनी त्या आपल्याकडे लिहून पाठवाव्यात आणि आपण त्या छापाव्यात, अशी विनंती. सांगणारी माणसं आता नव्वदीकडे आहेत.

आमच्या बचत गटात चौदा बायका. दसऱ्याच्या दुसऱ्या दिवसापासून आम्ही भाकरी थापायच्या आधी परातीतल्या ज्वारीच्या पिठाऐवजी डब्यातली एक मूठ ज्वारी बाजूला काढायला लागलो. ज्या बाईने मला तिसरा प्रश्न विचारला होता तिचा डबा सगळ्यांत आधी भरला. घरातल्या कणग्या पुरात भिजल्या होत्या, त्यामुळे ही ज्वारी बहुतेक बार्शीच्या पोरांनी आणलेल्या त्या दोन पोत्यांतलीच आहे. एकवीस दिवसांत सतरा किलो झाली. ती विकून आलेले पैसे, त्यात प्रत्येकीने घातलेले शंभर रुपये, असे सिस्टरच्या गावच्या वाय.एम.ए. शाखेकडे पाठवले. सिस्टरचा फोन आला होता. तिच्या आईने विचारलंय, ज्वारी म्हणजे कसलं धान्य, तिने कधी पाहिलेलं नाही. म्हणून काल एका लखोट्यात मूठभर मालदांडी घालून परंड्याच्या पोस्टातून चंफाईला पाठवली आहे.

आपली नम्र,
एक सेवानिवृत्त प्राथमिक शिक्षिका
ता. परंडा, जि. धाराशिव